गेममध्ये मोजायचं काय? आरपीजीच्या सेटिंगबद्दल थोडं

आज बोलायचंय आरपीजीबद्दल, म्हणजे रोल-प्लेइंग गेम्सबद्दल. आणि त्यातही एकाच प्रश्नाबद्दल: गेम घडतो कुठे? कुठल्या काळात, कुठल्या गावात, कुठल्या माणसांत?

ज्यांनी आरपीजी कधी खेळलेलाच नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यांत सांगते. यात तुम्ही एक पात्र होता आणि त्या पात्राचे गुण आकड्यांत मोजलेले असतात, ताकद एवढी, चपळाई एवढी, बोलण्यातली हुशारी एवढी. तुम्ही जे करता त्याप्रमाणे हे आकडे आणि गोष्ट, दोन्ही बदलत जातात. बास, एवढंच.

आता या गेम्सचं ठरलेलं ठिकाण काय? युरोपातलं मध्ययुग, पण इतिहासातलं नाही, स्वप्नातलं. एक सराई, तिथे दारू पीत बसलेले बुटके दाढीवाले. जंगलात टोकदार कानांची एल्फ मंडळी. डोंगरात ड्रॅगन. तळघरात उंदीर, आणि नवख्या वीराला पहिलं काम बहुतेक वेळा हेच, की जा, उंदीर मारून ये. १९७४ साली अमेरिकेत 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा टेबलाभोवती बसून खेळायचा खेळ आला. त्याने टोल्किनकडून आणि आणखी बऱ्याच लेखकांकडून सामान उचललं, आणि कॉम्प्युटरवरच्या आरपीजींनी ते त्या खेळाकडून उचललं. पन्नास वर्षं झाली, सराई अजून चालूच आहे.

मला सराईचा राग नाही हं. तिच्यात एक मोठी सोय आहे आणि ती मान्य न करता पुढे जाणं लबाडीचं होईल. ओळखीच्या जगात काही समजावून सांगावं लागत नाही. एल्फ दिसला की धनुष्य आलं, बुटका दिसला की कुऱ्हाड आली. नवीन जग घेतलं की हा सगळा अभ्यास प्लेअरकडून तुम्हाला करून घ्यावा लागतो. आणि प्लेअर बिचारा दिवसभर राबून रात्री साडेदहाला लॅपटॉप उघडून बसलाय. त्याला इतिहासाचा तास नकोय.

म्हणून मग 'वेगळं सेटिंग' म्हणून जे येतं ते बहुतेक वेळा फक्त रंगकाम असतं. तलवारीच्या जागी दांडपट्टा, सराईच्या जागी चहाची टपरी, ड्रॅगनच्या जागी राक्षस. पण करायचं काय? मारा, सोनं गोळा करा, जरा भारी तलवार घ्या, जरा भारी राक्षस मारा. सुरुवातीला दहा मिनिटं छान वाटतं, मग डोळे चित्रांकडे बघायचंच सोडून देतात.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते, त्यामुळे माझ्या डोक्यात ही गोष्ट अशी बसते: ॲपला डार्क मोड दिला म्हणून नवीन ॲप होत नाही. आत डेटाबेसमध्ये कुठले कॉलम आहेत, कशाची नोंद ठेवली जाते आणि कशाची नाही, यावर ते ॲप काय आहे हे ठरतं. आरपीजी तर उघड उघड मोजमापाचा खेळ. म्हणून कुठलंही सेटिंग समोर आलं की मी एकच विचारते: या जगात काय मोजलं जातं, जे त्या सराईत मोजलं जात नव्हतं? उत्तर नसेल तर ते सेटिंग नाही, वॉलपेपर आहे.

चला, उदाहरणं घेऊ.

जपानमध्ये १९९४ साली 'मदर टू' आला. पुढच्या वर्षी अमेरिकेत तो 'अर्थबाउंड' या नावाने गेला आणि तिथे तेव्हा फारसा चालला नाही. चाहते नंतर हळूहळू जमले. लिहिणारे शिगेसातो इतोई हे मूळचे जाहिरातींचे मजकूर लिहिणारे. त्यांनी गेम ठेवला साध्या, आजच्या काळातल्या गावांत. हिरो म्हणजे टोपी घातलेला एक शाळकरी मुलगा. त्याचं शस्त्र बेसबॉलची बॅट, त्याच्या मैत्रिणीचं शस्त्र तळणीचा तवा. इथपर्यंत गंमत आहे, म्हणजे अजून रंगकामच म्हणा. पण पुढे बघा. शत्रूला हरवलं की सोन्याची नाणी जमिनीवर पडत नाहीत. बाबा तुमच्या बँक खात्यात पैसे टाकतात, ते एटीएममधून काढावे लागतात. गेम सेव्ह करायचा तर बाबांना फोन करायचा. बाबा गेमभर फक्त फोनवरच आहेत, प्रत्यक्ष दिसत नाहीत. आणि अधूनमधून त्या पोराला घरची आठवण येते. खरंच, 'विष चढलं', 'झोप लागली' तशी ही पण एक अवस्था आहे. आठवण आली की ऐन लढाईत तो आईचा विचार करत बसतो आणि त्याची पाळी वाया जाते. उपाय काय? आईला फोन. दोन मिनिटं बोललं की बरा.

घराबाहेर पडलेल्या लहान मुलाची गोष्ट सांगायची म्हणून त्यांनी आठवण मोजली. तलवारवाल्या वीराला कधी आईची आठवण आलेली मी तरी पाहिलेली नाही.

दुसरं उदाहरण 'किंगडम कम: डिलिव्हरन्स'चं, २०१८. चेक लोकांनी केलेला गेम, जागा बोहेमिया, साल १४०३. जादू नाही, ड्रॅगन नाही. आपण एका लोहाराचा मुलगा, नाव हेन्री. आणि हेन्रीला वाचता येत नाही! तुम्ही पुस्तक उघडलं की अक्षरं उलटीपालटी दिसतात. एका लेखनिकाला गाठून, पैसे देऊन शिकावं लागतं, आणि शिकल्यावरही पहिले काही दिवस शब्द अर्धवटच लागतात. अंगाला चिखल-रक्त असेल तर लोक धड बोलत नाहीत, आधी कुंडावर जाऊन तोंड धुवा. तलवार हातात आली तरी सुरुवातीला एका साध्या गावगुंडाकडूनही मार खावा लागतो. कारण लोहाराच्या मुलाला तलवार घडवता येते, चालवता कुठे येते?

याचे पैसे कसे उभे राहिले तेही सांगते, कारण 'असलं कोण खेळणार' हा प्रश्न आपल्याकडे फार लवकर येतो. या लोकांनी २०१४ साली किकस्टार्टरवर ३ लाख पौंड मागितले होते, मिळाले ११ लाखांच्या वर. आणि गेम आल्यावर दोन आठवड्यांच्या आत १० लाख प्रती खपल्या. प्रत्येक विचित्र कल्पनेचं असं होतं असं मी म्हणत नाहीये. पण 'ड्रॅगन नसेल तर कोणी घेणार नाही' हे वाक्य मात्र बाद झालं.

आता माझा सगळ्यात लाडका, 'पेंटिमेंट'. २०२२, ऑब्सिडियनचा. सोळाव्या शतकातलं बव्हेरिया, टासिंग नावाचं काल्पनिक गाव आणि त्याच्या माथ्यावरचा मठ. आपण आंद्रेआस मालर, न्यूरेम्बर्गहून आलेला तरुण चित्रकार, मठात हस्तलिखितं रंगवतोय. सुरुवात १५१८ ला. छापखाने आलेले आहेत, म्हणजे हाताने पुस्तकं लिहिण्याचा हा धंदा संपत आलाय आणि ते सगळ्यांना आतून माहीत आहे. मग एका उमरावाचा खून होतो आणि आळ येतो आंद्रेआसच्या म्हाताऱ्या स्नेह्यावर.

या गेममध्ये आवाज नाही, संवाद लिहिलेले दिसतात. आणि प्रत्येक माणसाचं बोलणं वेगळ्या अक्षरात उमटतं! शेतकऱ्याचं बोलणं गिचमिड हातात, मठातल्या साधूंचं टोकदार, वळणदार धर्मग्रंथी अक्षरात, छापखानेवाल्याच्या कुटुंबाचं खिळे जुळवल्यासारखं, ठक ठक करत. आंद्रेआसच्या मनात त्या माणसाची जी पायरी आहे तिच्याप्रमाणे ते अक्षर असतं. एखाद्याला त्याने अडाणी समजलेलं असतं आणि मग कळतं की हा तर शिकलेला आहे. की अक्षर बदलतं. मंडळी, 'जात-वर्ग' हा कॉलम इतक्या शांतपणे कुठल्याही गेममध्ये टाकलेला मी पाहिला नाही. आकडा नाही, पट्टी नाही, नुसतं अक्षर.

आणि मोजलं काय जातं, तर वेळ. तपासाला थोडेच दिवस, आणि प्रत्येक जेवण कोणाकडे घ्यायचं ते तुम्ही ठरवायचं. शेतकऱ्याच्या घरी बसलात तर त्याच्याकडचं कळेल, पण तेवढ्यात मठातलं हुकलं. ताटात काय वाढलंय तेही बघायचं, कोणाकडे काय शिजतं त्यात सगळं गाव कळतं. शेवटी कोणाचं तरी नाव घ्यावं लागतं, त्या माणसाला देहदंड होतो, आणि खरा खुनी तोच होता का हे गेम सांगतच नाही. गोष्ट पुढे १५२५ वर जाते, शेतकऱ्यांच्या बंडाच्या वर्षावर, आणि मग आणखी पुढे, १५४३ वर. तुम्ही ज्याचं नाव घेतलं होतं त्याचं घर, त्याची माणसं त्याच गावात असतात. एवढं झाल्यावर तलवारीवर प्लस पाच मिळालं काय न् नाही काय!

'डिस्को एलिसियम' बद्दल या ब्लॉगवर येणाऱ्यांना वेगळं सांगायला नको, म्हणून थोडक्यात. २०१९, एस्टोनियातल्या मंडळींचा. पडझड झालेली बंदराची वस्ती, गोदी कामगारांचा संप, फसलेल्या क्रांतीच्या खुणा भिंतींवर, आणि आपण दारू पिऊन स्वतःचं नावसुद्धा विसरलेला पोलीस. नेहमीची लढाई नाहीच. २४ गुण आहेत आणि ते सगळे डोक्यात बोलतात, एकमेकांशी भांडतात. तब्येतीचा आकडा कमी ठेवलात तर पहिल्याच खोलीत पंख्यावर अडकलेला टाय काढताना हार्ट ॲटॅकने मरता येतं. माणूस किती पोखरलेला आहे हे यापेक्षा कमी शब्दांत कसं सांगाल?

एक गोष्ट तुमच्या लक्षात आली का? हे तिन्ही हिरो त्या जगात थोडे परके आहेत. आंद्रेआस पाहुणा आहे. पोलिसाची स्मृती गेली आहे. हेन्री अडाणी आहे. मघाशी म्हटलं ना, अभ्यास करून घ्यावा लागतो, तो असा करून घेतात. पात्रालाच माहीत नाही, म्हणून त्याने विचारलं तर विचित्र वाटत नाही, आणि त्याच्याबरोबर आपल्यालाही कळतं. अनोळखी जग निवडायचं असेल तर दार कुठे ठेवायचं हे त्याच दिवशी ठरवायला हवं. नाहीतर मग सुरुवातीलाच पिवळ्या कागदावर पाच पानी इतिहास येतो आणि आपण सगळे तो न वाचता पुढे ढकलतो.

आता आपल्याकडे येऊ.

पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' २०२० मध्ये आला. आरपीजी नाही, ॲक्शन-ॲडव्हेंचर, पण त्याचं नाव घेतल्याशिवाय हा विषय होत नाही. राजी ही खेळ करणाऱ्या मंडळींतली, कसरती करणारी मुलगी. तिच्या भावाला असुर पळवतात, दुर्गा तिला त्रिशूळ देते. चित्रं फार देखणी. आणि मला आवडलं ते हे की भिंतीवरून धावणं, खांबाला गिरकी घेणं या तिच्या कसरती लढाईत येतात. म्हणजे तिचा पेशा हातापायांत उतरला. बाकी देव, असुर, शस्त्र, हा मार्ग मात्र ओळखीचा. आपले बहुतेक प्रकल्प पुराणांकडे किंवा किल्ल्यांकडे का वळतात? भक्तीमुळे, अभिमानामुळे, हे आहेच. पण माझ्या मते एक आळशी कारणही आहे: तिथे लढाई तयार मिळते. परदेशी साचा जसाच्या तसा बसतो.

त्याआधी २०१४ साली 'अनरेस्ट' नावाचा आरपीजी भारतातल्या पायरोडॅक्टिल या छोट्या टीमने केला होता. जुन्या काळातलं एक काल्पनिक भारतीय नगर, दुष्काळ पडलाय, लोक भुकेले आहेत. एकच वीर नाही, वेगवेगळी साधी माणसं होऊन खेळायचं. त्यातली एक खेड्यातली मुलगी, घरच्यांनी तिचं लग्न ठरवलंय, आणि तिचा सगळा 'क्वेस्ट' म्हणजे आता या लग्नाचं काय करायचं! बोलताना समोरच्याच्या मनात तुमच्याविषयी मैत्री किती, आदर किती, भीती किती, हे तीन आकडे दिसतात. दिसायला गेम साधाच, थोडा अडखळत चालतो. पण दहा वर्षांपूर्वी कोणीतरी हे मोजायचं ठरवलं होतं, आणि त्याची आठवण फारशी कोणी काढत नाही याचं मला वाईट वाटतं.

मग आम्ही काय करतोय? मी आणि माझे दोन मित्र गेलं वर्षभर शनिवार-रविवारी एका गेमवर बसतो. सेटिंग: तमाशाचा फड. ढोलकी फड, गावोगाव फिरणारा. संगीत बारी नाही, ती वेगळी.

का फड? कारण आरपीजीला जे जे लागतं ते तिथे मुळातच आहे, चिकटवावं लागत नाही. आरपीजीत 'पार्टी' असते, म्हणजे वेगवेगळ्या कसबाची माणसं एकत्र फिरतात. फडात सोंगाड्या, मावशी, ढोलकीवाला, हलगीवाला, तुणतुणंवाला, झीलकरी, नाचणाऱ्या बायका, वगातला राजा, शिवाय तंबू ठोकणारे, ट्रक चालवणारे. मोठ्या फडात शंभराच्या आसपास माणसं असतात. प्रवास आहे. आणि कॅलेंडर तर असं की कुठल्याही डिझायनरला हेवा वाटावा: दसऱ्याला फड बाहेर पडतो, आधी तंबू लावून तिकिटावर खेळ, मग गुढीपाडव्यापासून जत्रांचा हंगाम, साधारण बुद्धपौर्णिमेपर्यंत. त्यानंतर पावसाळा, कमाई बंद. पाडव्याच्या सुमाराला जुन्नर तालुक्यात नारायणगावला फडांच्या राहुट्या पडतात आणि गावोगावचे जत्रा कमिटीवाले तिथे येऊन सुपाऱ्या देतात. चैत्री पौर्णिमेला कितीतरी गावांची जत्रा एकाच दिवशी. भाव त्या दिवशी चढतो, पण फड एकाच गावात उभा राहू शकतो. कुठलं गाव घ्यायचं? बघा, हा निर्णय मी रचलेला नाही. तो तिथे होताच.

पैशाचं घ्या. नेहमीच्या आरपीजीत तुमच्याकडे सोनं साठत जातं. इथे सुरुवातच वजा आकड्यापासून. कलावंत फडात येतो तो उचल घेऊन, म्हणजे हंगामाच्या आधीच पैसे घेतलेले असतात आणि ते वर्षभर फेडायचे. ती उचल द्यायला फडमालकाने सावकाराकडून कर्ज काढलेलं असतं. आणि पुढे ऐका, हे आमच्या एका मित्राच्या लक्षात आलं आणि आम्ही तिघेही खुर्चीवरून उठलो. आरपीजीत पात्राची लेव्हल वाढली की आपल्याला आनंद होतो. फडात ढोलकीवाल्याचं नाव झालं की दुसरा फड त्याला जास्त उचल देऊ करतो! म्हणजे तुमचा माणूस जितका तयार, तितका तो हातचा जायची भीती जास्त. पन्नास वर्षांचा लेव्हल-अपचा नियम एका शब्दाने उलटा झाला: उचल.

खेळाचं काय करायचं, यावर मात्र महिनाभर वाद झाला. पहिली कल्पना अशी होती की प्रेक्षक म्हणजे शत्रू, त्यांच्या डोक्यावर पट्टी, विनोद केला की ती कमी होते, शून्य झाली की तुम्ही जिंकलात. आम्ही ती दोन दिवसांत टाकून दिली. तलवारच ती, फक्त घुंगरं बांधलेली. आता आहे ते असं: समोर एक गर्दी नाहीच, तीन आहेत. मागे बसलेली वयस्क मंडळी, त्यांना गण-गवळण नीट हवी आणि वग पूर्ण हवा. पुढे पोरं, त्यांना सिनेमाची गाणी हवीत, आत्ता. आणि बाजूला खुर्च्यांवर कमिटी, जिने सुपारी दिली आणि जी उरलेले पैसे सकाळी देणार आहे. एकाला खूश केलं की दुसरा उठतो. त्यात रात्री दहाला लाउडस्पीकर बंद करायचा नियम. पूर्वी वग पहाटेपर्यंत चालायचा. आता बतावणी रंगवलीत तर वगाला वेळ नाही, वग घेतलात तर पोरं ओरडणार. शिवाय दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरीचा कार्यक्रम, रात्रीचे डोळे घेऊन.

सोंगाड्याची बतावणी हा मला स्वतःला सगळ्यात आवडलेला भाग. तुम्ही दुपारी गावात फिरता, पारावर बसता, ऐकता: पाण्याची टाकी कोणी खाल्ली, कोण निवडणुकीत पडलं. रात्री सोंगाड्याच्या तोंडी त्यातलं काय घालायचं ते तुम्ही निवडायचं. बरोबर बसलं तर मैदान हसून लोळतं. जरा जास्त झालं तर सकाळी पैशांचा हिशोब करताना सरपंच भेटतातच.

पण आता अवघड गोष्ट सांगते, आणि खरं म्हणजे तीच बोलायची म्हणून हा भाग केला.

विठाबाई भाऊ मांग नारायणगावकरांची हकीकत महाराष्ट्रात बहुतेकांना ठाऊक आहे. चालू तमाशात त्यांची प्रसूती झाली आणि त्या पुन्हा बोर्डावर येऊन उभ्या राहिल्या. राष्ट्रपती पुरस्कार मिळालेली कलावंत, आणि शेवटच्या काळात पैशांची ओढाताण. आता मला सांगा, माझ्या गेममध्ये नाचणाऱ्या बाईच्या नावासमोर मी काय लिहू? एनर्जी १००? आजारी असताना नाचली तर वजा ४०? हे लिहायला माझा हात होत नाही. ज्या समाजांतून या बायका आल्या, त्यांच्या अंगाचा हिशोब इतरांनी पिढ्यान् पिढ्या केलाच आहे. त्यात एक माझी एक्सेल शीट कशाला?

यावर मित्र म्हणाला, ठीक आहे, नको मोजूस. मग प्लेअर काय करेल? तिला रोज नाचवेल. कारण गेममध्ये ज्याचा आकडा नाही त्याची किंमत शून्य. आणि त्याचं म्हणणं बरोबर आहे, हो! मोजलं तर ती बाई एक वस्तू होते. नाही मोजलं तर तिचे कष्ट दिसतच नाहीत. सेटिंग निवडताना 'हे वेगळं आहे, लोकांना आवडेल' एवढाच विचार करून थांबलो असतो तर हा प्रश्न आमच्यासमोर आलाच नसता, आणि गेम मात्र कोणाच्या तरी आयुष्यावर उभा राहिला असता.

आत्ता आम्ही जिथे पोचलोय ते सांगते. खेळाडूचं पात्र म्हणजे फडमालकिणीची मुलगी. वसतिगृहात राहून शिकलेली, बारावी झालेली, आई आजारी म्हणून या हंगामात हिशोब बघायला आली आहे. अर्धी आतली, अर्धी बाहेरची; म्हणजे दाराचा प्रश्न सुटला. तिच्या हातात वही आहे. वहीत उचल आहे, सुपारी आहे, डिझेल आहे, जनरेटरचं भाडं आहे, दौलतजाद्याचे पैसे आहेत. जे फडाच्या वहीत लिहिलं जातं तेवढंच स्क्रीनवर दिसतं. कोण किती थकलंय, कोणाचं पोर घरी तापाने पडलंय, कोण पुढच्या महिन्यात निघून जाणार आहे, याची एकही पट्टी गेममध्ये कुठेही नाही. ते कळायचं असेल तर ट्रकमध्ये कोणाशेजारी बसायचं, राहुटीत कोणाबरोबर भाकरी खायची, हे निवडावं लागतं. 'पेंटिमेंट'ची जेवणं आम्ही उघड उघड उचलली आहेत, लपवत नाही. आणि बाई 'आज नाही' म्हणू शकते. तेव्हा तुमच्याकडे बटण नाही. कमिटीला काय सांगायचं ते तुम्ही बघा.

हे चालेल का? दोन-चार जणांना खेळायला दिलं. एकाने सरळ सांगितलं की कोण थकलंय हे दिसत नाही ही गेममधली चूक वाटते, पट्टी टाका. दुसरीने वहीच्या समासात स्वतःच पेनने नावं लिहून घेतली, कोणाला सुट्टी द्यायची त्यांची, म्हणजे तिच्या खऱ्या वहीत, गेममध्ये नाही. ते बघून आम्ही वहीला समास दिला. तिथे प्लेअरला हवं ते लिहिता येतं. गेम ते वाचत नाही, मोजत नाही, नुसतं जपून ठेवतो.

करोनाची दोन वर्षं, २०२० आणि २०२१, गेममध्ये घ्यायची का हेही अजून ठरलेलं नाही. दोन्ही वेळा ऐन जत्रांचा हंगामच बुडाला. मला वाटतं घ्यायला हवीत: नकाशा उघडायचा, आणि एकाही गावावर टिंब नाही. मित्रांना वाटतं की हे पाच मिनिटं खेळून लोक बंद करतील. बघू.

सध्या काय तयार आहे, तर तीन गावं, एक ट्रक, नऊ माणसांचा फड आणि अर्धा वग. ढोलकीचा आवाज अजून कॉम्प्युटरवरचाच आहे आणि तो ऐकवत नाही. खऱ्या ढोलकीचं रेकॉर्डिंग करायचंय म्हणून एका फडातल्या ढोलकीवाल्या काकांना विचारलं, किती घ्याल, कधी येऊ. ते म्हणाले, पैशाचं नंतर बोलू, पण आता सुपाऱ्या आहेत, बुद्धपौर्णिमा होऊ द्या, मग या. तेव्हा पुढचा आवाज बुद्धपौर्णिमेनंतर. तुमच्या गावच्या जत्रेत कोणी कमिटीवर असेल, सुपारी ठरवायला गेलेलं असेल, तर त्यांना माझ्याशी बोलायला सांगा. भाव कसा पाडता, एवढंच विचारायचंय.